अकरा जीबी मोकळे

१७ मार्च, रविवार

दादा,

आणि आठ जीबी नव्हते ते, अकरा होते. परवा फोनवर मी आठ म्हणाले, तू "बरं बरं" म्हणालास आणि मधेच ऑफिसातल्या कुणाला तरी चहा सांगितलास, त्यामुळे पुढचं राहिलं. पुढचं तसंही फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. हाताने आणि मराठीत. इंग्लिश मीडियमची पोरगी मराठीत पत्र लिहितेय म्हणून हस हवं तर. शुद्धलेखन आईकडून तपासून घेतलेलं नाही, कारण हे पत्र आईने वाचायचं नाहीये.

तू मजेत असशीलच. तू कायमच मजेत असतोस. वहिनीला नमस्कार, भोपळीला पापा. अडीच वर्षांची झाली ना तुझी लेक? मी अजून तिला उचलूनसुद्धा घेतलेलं नाही. असो. इथे सगळं ठीक.

तर लॅपटॉप. तो तुझाच जुना, नऊ वर्षांचा, जो तू जाताना टेबलावर टाकून गेलास. चालू करायचा म्हणजे आधी आंघोळ करून यायची, तोवर स्क्रीन दिसते. बाबा त्यावर दुकानाचे शिक्के डिझाइन करतात. एका बोटाने. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून उमटलं का बघायचं, मग पुढचं. आणि फाइलींची नावं? 'शिक्का नवीन', 'शिक्का नवीन खरा', 'शिक्का नवीन खरा हाच'. एका डॉक्टरच्या एका शिक्क्याच्या एकोणसाठ कॉप्या. की एकोणसत्तर? मला अजून कळत नाही, फिफ्टी-नाइन.

गेल्या महिन्यात एका ऑफिसची बारा शिक्क्यांची ऑर्डर आली आणि लॅपटॉपने सरळ हात वर केले. सेव्हच करेना. जागा नाही म्हणे. बाबा त्याच्यावर ओरडले. लॅपटॉपवर! "अरे, इतकी वर्षं मावत होतं ना?" मी म्हटलं, बाबा, व्हा बाजूला, मला फक्त एक तास द्या.

तुला माहितीये मला हे किती आवडतं. कुणाचाही फोन स्लो झाला की कॉलेजात माझ्याकडे आणतात. जागा मोकळी झाली की ती लाल पट्टी निळी होताना बघायला मला लिटरली मजा येते.

सुरुवात तुझ्यापासून केली. काय काय सोडून गेला होतास रे! तीन गेम. व्यायामाचे व्हिडिओ, जे तू एकदाही बघितले नसणार हे तुझ्याकडे बघून कळतं. आरशासमोर काढलेले स्वतःचे दोनशे चौदा फोटो. बायोडेटा सतरा, आणि प्रत्येकात 'टीममध्ये काम करण्याची आवड'. वडिलांसोबत एका दुकानात सहा महिने टिकला नाहीस, आणि टीम! सगळं उडवलं. हात स्वच्छ धुतल्यासारखं वाटलं.

मग टेंपररी फाइली, मग डबल झालेले शिक्के. बाबा मागे उभे. "ते राहू दे." "हे असू दे." "त्या डॉक्टरचं नको काढूस, तो परत येतो." मी म्हटलं, तुम्ही दुकानात जाऊन बसा, इथे तुमचं काही काम नाही. दुकान म्हणजे पुढची खोली, दहा पावलं. गेले बिचारे.

आणि मग कोपऱ्यातला तो कचऱ्याचा डबा. रिसायकल बिन. अकरा जीबी! बाबा गेली कित्येक वर्षं डिलीट करतायत आणि कचरा टाकायला कुणी गेलेलंच नाही. मला इतकं हसू आलं. असा माणूस दुकान चालवतो! खात्री आहे का, असं लॅपटॉपने विचारलं. खात्री काय, मला कीव येत होती. दाबलं.

ऑर्डर वेळेवर गेली. बाबांनी चार लोकांना सांगितलं, "पोरीने मशीन नवंकोरं केलं." मीही फुशारले. मोकळी जागा बघून मला राहवेना, म्हणून माझं थ्री-डी डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या सगळ्या लायब्ररी टाकून बघितल्या. बत्तीस जीबी. जागा रिकामी कशाला ठेवायची?

इथपर्यंत तुला फोनवर सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी दुकान बंद, आई झोपलेली. बाबांनी आतल्या खोलीतून हाक मारली.

"ठेंगू, जरा इकडे ये गं."

गेले. लॅपटॉप पुढ्यात, चष्मा कपाळावर.

"हा डबा रिकामा कसा?"

"कुठला?"

"हा. कोपऱ्यातला."

"बाबा, तो कचऱ्याचा असतो."

"कशाचा असतो ते माहितीये मला. रिकामा कसा झाला?"

दादा, मला का कुणास ठाऊक, त्यांच्या आवाजाची भीती वाटली. ओरडले असते तर मीही ओरडले असते. मी म्हटलं, "तो भरला की आपोआप रिकामा होतो. जुनी मशीन असंच करतात."

एवढं सफाईदार खोटं मी परीक्षेतसुद्धा लिहिलं नव्हतं.

"असं होय," म्हणाले. "मग चूक माझीच. कचऱ्यात कोण ठेवतं." आणि झाकण लावलं. हळू, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतात तसं.

संध्याकाळी आईला विचारलं, त्यात असं होतं तरी काय. आई भांडी पुसत होती. म्हणाली, "तुझी वहिनी दर महिन्याला पाठवते ते. बाळीचे फोटो, रांगतानाचे, पहिल्या पावलांचे."

"मग कचऱ्यात का?"

"त्यांनी शब्द दिला होता ना. तुझ्या दादाकडून आलेलं काही घरात ठेवणार नाही म्हणून. आले की डब्यात टाकायचे. रविवारी बाहेर काढायचे, बघायचे, परत डब्यात."

"अगं पण हा काय वेडेपणा आहे!"

"आहेच," आई म्हणाली. "पण चार वर्षं शब्द मोडला नाही माणसाने. त्या मेल्या मशीनने घात केला."

मी पुसलेली भांडी मांडणीत लावायला घेतली. हे लक्षात ठेव, आईलासुद्धा मशीनच वाटतंय.

आणि तुला हे काही माहीत होतं का? नसणार. तुझ्या घरातून, तुझ्या बायकोने, तुझ्या लेकीचे फोटो तीसेक वेळा पाठवले. एकदाही उत्तर गेलं नाही आणि तिने एकदाही थांबवलं नाही. तू तेव्हा काय करत होतास? लोकांना कॉम्प्युटरवर सह्या करून देत होतास. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, "बाबा, शिक्के आता कुणाला लागतात? बंद करा हे," म्हणालास, आणि नेमक्या त्या डिजिटल सह्यांच्या कंपनीत जाऊन बसलास. मला तेव्हा तू हिरो वाटला होतास. पंधरा वर्षांची होते, पंधराव्या वर्षी कुणीही हिरो वाटतं. आणि बाबा! शब्द पाळायचा तर धड पाळायचा, मोडायचा तर धड मोडायचा. हे काय, अर्धं घरात, अर्धं डब्यात? तुम्ही दोघं एकाच साच्यातले आहात. तुमच्या भांडणात मला कुणी कधी काही विचारलं नाही आणि मी आपली लाल पट्ट्या निळ्या करत बसले.

सोमवारी कॉलेज बुडवून लॅपटॉप रिपेअरवाल्याकडे नेला. बाबांना सांगितलं, पंखा साफ करून आणते. आणखी एक. रिपेअरवाला तोंडात पेनचं टोपण धरून बोलतो.

"डिलीट केलेलं परत येतं, ताई. फक्त त्या जागेवर नंतर काही भरलं नसलं पाहिजे."

"थोडं भरलंय."

"थोडं म्हणजे?"

"बत्तीस जीबी."

त्याने टोपण बाहेर काढलं. "कुणी केलं हे?"

"घरातल्या एकाने."

"त्याला सांगा, मशीनला हात लावू नकोस." मी म्हटलं, सांगते.

तीन दिवसांनी बोलावलं. भोपळीचे सहा फोटो मिळाले, वरचा भाग दिसतो, खालचा करडा. कपाळ, डोळे, आणि नाकाखाली भिंतीसारखा रंग. ते सोड, फोटो वहिनीकडे असतीलच, ती परत पाठवेल. फोनवर मी तुझ्याकडे तेच मागणार होते आणि फोन ठेवणार होते. तुला वाटलं असतं, ठेंगूला भाचीचे फोटो हवेत. संपलं असतं.

पण त्याने मला एक यादी दाखवली. फक्त नावं, फाइली गेलेल्या. कॅमेऱ्याच्या फाइलींना तारखेचं नाव आपोआप पडतं ना, तसल्या. फॉर्टी-थ्री. सगळे रविवार, सगळ्या दुपारी तीननंतर. त्या दिवशी डबा रिकामा करताना मी ती नावं बघितली होती, दादा. मला वाटलं, बाबांचा हात चुकून कॅमेऱ्यावर पडला असेल. त्रेचाळीस वेळा. असं वाटू शकतं मला, इतकी हुशार आहे मी.

त्यातली एकच उघडली. चाळीस सेकंद, मग चित्राचे चौकोन होतात आणि आवाज चिरकतो. बाबा आहेत. आतल्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून. रविवारी, घरात, इस्त्रीचा शर्ट! कॅमेऱ्यात न बघता स्क्रीनवर बघतात, त्यामुळे नजर जरा खाली. हातात एक छोटा शिक्का. म्हणतात, "हे बघ बाळा, हे तुझं नाव. उलटं दिसतंय ना? घाबरायचं नाही, उलटंच कोरायचं असतं." मग शर्टाची कॉलर नीट करतात. "तुझ्या बापालाही शिकवलं होतं. चौथीत होता. स्वतःच्या नावाचा शिक्का केला त्याने, आणि वहीवर मारला, भिंतीवर मारला, मी जेवायला बसलो तर माझ्या बनियनवर मा—"

इथे चौकोन.

रिपेअरवाला म्हणाला, "याच्यापुढे काही नाही, ताई." आणि उगाच काउंटर पुसायला लागला.

बाकीच्या बेचाळिसांत काय होतं कुणालाच कळणार नाही. त्यांची कॉपी वहिनीकडे नाही, कुणाकडेच नाही. त्यांनी त्या केल्या, एकही पाठवली नाही, डब्यात टाकल्या. पाठवल्या का नाहीत ते मला विचारू नकोस. तूही इतक्या वर्षांत एक फोन त्यांच्या नंबरवर लावला नाहीस, मग तूच आधी सांग.

आज पुन्हा रविवार. दुपार झाली. बाबा दुकानात आहेत, बंद शटरच्या आत, शिक्क्यांच्या लाकडी मुठी वेगळ्या काढून परत त्याच खोक्यात ठेवतायत. लॅपटॉपला त्यांनी शिक्क्यांच्या कामाशिवाय हात लावलेला नाही. मघाशी आई म्हणाली, "जा की आत, बघा काही नवीन आलंय का." ते म्हणाले, "परत आपोआप रिकामा झाला तर?"

माझ्या खोट्याला ते घाबरतात, दादा. तेवढ्यावर त्यांनी सोडून दिलं.

ते चाळीस सेकंद माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहेत. या पाकिटात टाकायला घेतला होता, परत काढला. त्यांनी जे पाठवलं नाही ते मी परस्पर पाठवलं तर ती तिसरी चोरी होईल; डबा रिकामा केला आणि वर खोटं बोलले, त्या दोन पुरे झाल्या. त्यांना विचारूनच पाठवीन. पण विचारायचं म्हणजे डबा कुणी रिकामा केला ते सांगावं लागणार, आणि मग जी एक गोष्ट मी धड करू शकते असं त्यांना वाटतं, तीही संपली.

आणि तुला मिळालाच तर तू बघशील का, की "बरं बरं" म्हणून चहा सांगशील? ते मला कळल्याशिवाय मी त्यांच्यासमोर उभी राहू शकत नाही. चार वर्षांत या घरात तुझं मत कुणी मागितलेलं नाही, मी मागतेय. फोन करू नकोस, लिहून कळव.

तुझी,
तुझ्याइतकीच शहाणी,
ठेंगू

काय वाटतं तुला, सांगू त्यांना?