खांबावरची अखंड काच

३ जून, सोमवार
आले: काचपट्टी एक, चाळीस रुपये. सिमेंटचा पुडा एक, साठ. पावत्या फादरांना दिल्या.
चर्चच्या मधल्या खांबाला तडा गेलाय. त्यावर इंजिनिअरसाहेबांनी काच आडवी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटेल, मग चर्च बंद ठेवून टेकू लावू, म्हणाले. रोज बघून खांबाच्या वेगळ्या वहीत लिहायचं काम माझ्याकडे. माझ्याइतकी नीट वही कोण ठेवणार?

६ जून, सकाळी सात
काच फुटली. फादरांनी विचारलं, ठीक ना? ठीक, म्हटलं. चर्चला कुलूप लागलं तर मंगळवारचा दवाखाना, मुलांची अभ्यासिका, जाऊबाईंच्या चाळीस म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण, कुठे जायचं सगळ्यांनी? काच हलकी असणार. घरच्या फ्रेमची काच कापून आणून लावली. खांबाच्या वहीत लिहिलं, ‘अखंड’. खोटं नाही. लिहिताना अखंडच होती.

१४ जून
दुसरी गेली. घंटेच्या हादऱ्याने, दुसरं काय! फादरांना सांगितलं, घंटा हळू वाजवा, माझं डोकं उठतं. त्यांनी मला गोळी दिली.

२२ जून
तिसरीही गेली. चौथी लावली, आमच्या लग्नाच्या फोटोची. ह्यांनी विचारलं, काच कुठाय? म्हटलं, धूळ बसत होती, काढली. म्हणाले, आता थेट माझ्या तोंडावर बसते.
तड्यात पूर्वी नख जायचं, आता बोट जातं. बोटं बारीक झाली असतील, उपास चालू आहेत.
निश्चय: सातवी फुटली की फादरांना सांगायचं.

५ जुलै
सातवी फुटली. लावताना माझाच अंगठा जोरात पडला असेल, म्हणून ती मोजत नाही. आठवी एकाच बाजूने चिकटवली. आता फुटायचं कारणच नाही.
जाऊबाईंचं जेवणाचं टेबल खांबाला टेकलेलं. मी ओढून लांब नेलं. त्यांनी परत आणलं, ऊन तिथेच येतं म्हणे. वर विचारतात, त्या खांबाशी सोयरीक जमवलीस का? प्रार्थनेचे शब्द चुकतात.

१८ जुलै
इंजिनिअरसाहेबांनी खांबाची वही मागवून घेतली होती, आज त्यांचं पत्र आलं. फादरांनी सगळ्यांसमोर वाचलं. काच अखंड, म्हणजे तडा जुना आणि शांत. टेकूची गरज नाही. दुरुस्तीचा निधी दुसऱ्या चर्चला दिला. वही चोख ठेवल्याबद्दल बाईंचे आभार. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर वरून चुन्याचा पोपडा पडला.
फादर खुशीत. २८ला, रविवारी, सगळ्या वस्तीला प्रार्थनेला बोलावणार. पाचशे माणसं.

१९ जुलै
फादरांना सांगायला तीनदा गेले. ते खुर्च्या मोजत होते. तिन्ही वेळा मीही मोजू लागले.
शेवटी पत्र टाकलं. त्याची नक्कल:
साहेब, काचा आठ झाल्या. सात फुटल्या, त्या मी बदलल्या. आठवी एकाच बाजूने चिकटलेली आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. तड्यात आता तीन बोटं जातात. फादरांना तुम्हीच लिहा, माझं नाव घालून लिहा. माझ्याच्याने होत नाही. चर्च आजच बंद करायचं का, आणि टेकू घेऊन कधी येता, ते उलट टपाली कळवावे.