कै. दौलत तरे यांच्या काळ्या कोटाबाबत

प्रति,
मा. नियोजन अधिकारी,
प्रजासत्ताक दिन गौरव सोहळा कक्ष,
भिवंडी.

अर्जदार : श्रीमती गोदूबाई दौलत तरे, राहणार खाडीकिनारी, मानकोली, ता. भिवंडी.
अर्ज लिहिणार : सौ. मृणाली प्रितेश तरे, अर्जदारांची सून.

विषय : गौरव सोहळ्यास काळा कोट घालून येणार असल्याबाबत.
संदर्भ : आपले निमंत्रणपत्र, त्यामागे छापलेली सूचना क्र. ७, आणि काल रंगीत तालमीच्या वेळी फाटकावर घडलेला प्रकार.

महोदय,

विषयात ‘परवानगी मिळणेबाबत’ असे लिहावे, असे लेखनिकेने अर्जदारांना सुचवले होते. अर्जदारांनी ते खोडायला लावले. तेव्हा विषय वाचून राग आल्यास तो लेखनिकेवर काढू नये.

१. अर्जदारांचे यजमान कै. दौलत तरे यांनी दोन पावसाळ्यांपूर्वी, खाडीचे पाणी गोदामांत शिरले तेव्हा, आपली होडी घालून तिथे अडकलेली माणसे बाहेर काढली होती. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. त्यांचा मरणोत्तर गौरव आता मानकोलीजवळच्या मैदानावर होणार असून शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र अर्जदारांनी स्वीकारायचे आहे. निमंत्रण आले तेव्हा अर्जदारांनी ते आधी देवापुढे ठेवले, मग आळीत घरोघर दाखवून आणले. सांगायचे तात्पर्य, अर्जदारांना समारंभाचे वावडे नाही. हौसच आहे.

२. सूचना क्र. ७ नुसार निमंत्रितांनी काळ्या रंगाचे वस्त्र वा वस्तू आणू नये, कारण काळा रंग निषेधाचा समजला जातो. दुसऱ्या एका सूचनेनुसार निमंत्रितांनी पहाटे पाचला जागेवर बसायचे आहे. प्रमुख पाहुणे दहाला येणार आहेत. मैदान खाडीच्या अंगाला आहे आणि या दिवसांत तिथला वारा हाडात शिरतो. अर्जदारांना दमा आहे. त्यांच्याकडे अंगावर घालण्यासारखा गरम कपडा एकच, यजमानांचा लोकरीचा कोट. तो काळा आहे. घेतला तेव्हापासून काळाच आहे, या समारंभासाठी मुद्दाम काळा केलेला नाही.

३. काल तालमीला अर्जदार, लेखनिका आणि लेखनिकेची तान्ही मुलगी असे तिघी गेलो. फाटकापाशी एका बांबूवर छत्र्या, मोजे आणि कुणा म्हाताऱ्याची कानटोपी अशा जप्त वस्तू वाळत घातल्यासारख्या लटकत होत्या. बंदोबस्तावरच्या ताई म्हणाल्या, “मावशी, कोट काढा. वरून ऑर्डर आहे.” त्यावर अर्जदार म्हणाल्या, “थंडी मना वाजते, तुमचे वरच्याला न्हाय.” तरी कोट काढावा लागला. त्यानंतर मुलीच्या गालावरची काजळाची तीट रुमालाने पुसण्यात आली. लेखनिकेच्या मंगळसूत्रातील काळ्या मण्यांबाबत वरिष्ठांना फोन लावला गेला. मणी चालतील, मात्र पदराखाली ठेवावेत, असा निर्णय मिळाला. अर्जदारांचे केस पूर्ण पांढरे असल्याने त्याबाबतीत कक्षाला काही अडचण आली नाही.

अर्जदार नुसत्या लुगड्यावर खोकत बसल्या. तालमीत पाहुण्यांच्या जागी उभ्या केलेल्या माणसाने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोचा कोन पाहिला आणि शाल परत घेतली, कारण ती खऱ्या दिवसासाठी होती. परतताना कोट बांबूवरून धुळीत पडलेला सापडला. पाठीवर बुटाचा ठसा होता. अर्जदारांनी तो झटकला, पण ठसा गेला नाही. घरी आल्यावर कोट मांडीवर घेऊन रडल्या. हे लिहू नको, असे त्यांनी बजावले आहे. लेखनिकेने तरी लिहिले आहे.

४. आपल्या कक्षातील लिपिक चांगदेव हे भले गृहस्थ आहेत. संध्याकाळी ते घरी येऊन म्हणाले, “आजी, शाल मिळणारच आहे ना? मग कोट कशाला?” शाल सव्वादहाला मिळणार आणि थंडी पाचला, हे त्यांना समजावून सांगितले. मग त्यांनी कोटाला वरून उशीसारखा पांढरा अभ्रा शिवायचा पर्याय सुचवला. तोही नको म्हटल्यावर त्यांनी कक्षातर्फे गुलाबी स्वेटर दिला. तो अर्जदारांच्या कोपरापर्यंतच चढला. बाळाला मात्र झबल्यावर छान होईल, आणखी दोन वर्षांनी.

५. आता कोटाविषयी. यजमान सरकारी कामाला निघाले की हा कोट घालत. तलाठी असो, कोर्ट असो, रेशनची रांग असो, कोट अंगात हवाच. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्याला ते याच कोटात सलामी देत आणि तेव्हा त्यात कुणाला निषेध दिसला नव्हता. पाणी शिरले त्या दिवशीही ते सात-बाराच्या नोंदीसाठी तहसीलला निघाले होते. रस्ता बुडालेला पाहून तसेच मागे फिरले आणि कोटासकट होडीत चढले. नारपोलीहून गोदामात कामाला येणारी वनिता नावाची बाई छपरावर बसली होती, कडेवर तापाने फणफणलेले मूल. यजमानांनी कोट काढून त्या दोघांभोवती गुंडाळला. तो काळा आहे म्हणून वनिताने नाकारला नाही.

पुढे तिने तो धुऊन, इस्त्री करून आणून दिला. एक बटण तुटले होते, तिथे घरात होते ते तपकिरी लावले. त्या बटणापुरता कोट आपल्या नियमात बसतो, याची नोंद घ्यावी.

ज्या कामासाठी आपण दौलत तरे यांचा गौरव करता, त्यातले निम्मे काम या कोटाने केले आहे. माणूस तर आता येऊ शकत नाही. जो येऊ शकतो, त्याला आपण बांबूवर टांगता.

६. सबब अर्जदारांचे म्हणणे असे की, त्या सव्वीस तारखेला पहाटे पाचला फाटकावर हजर राहतील. कोट अंगात असेल. आत सोडल्यास पहिल्या रांगेत बसतील आणि शाल कोटावरून घेतील. न सोडल्यास फाटकाबाहेर उभ्या राहतील. मग ध्वनिक्षेपकावर “कैलासवासी दौलत तरे” असा पुकारा होईल तेव्हा अर्जदार बाहेरून “हाय!”, म्हणजे ‘हजर आहे’, अशी हाक देतील. अर्जदारांनी आयुष्यभर या काठावरून त्या काठावरच्या होडीला हाका मारल्या आहेत. त्यांचा आवाज पाहुण्यांपर्यंत पोचतो की नाही, हे गावात कोणालाही विचारावे. श्रीफळ कुणाच्या हातात द्यायचे, ते त्यानंतर आपण ठरवावे.

७. काळा रंग निषेधाचा असतो, हे अर्जदारांना आजवर ठाऊक नव्हते. कालपर्यंत तो कोट थंडीसाठी होता. आता दोन्हींसाठी आहे.

कळावे. उत्तराची वाट पाहत बसणार नाही, कारण कोटाला ऊन दाखवायचे आहे.

आपली नम्र, पण हटणार नाही अशी,

(सही) गोदूबाई दौलत तरे

मानकोली, दि. २२ जानेवारी

सोबत :
१) निमंत्रणपत्राची प्रत.
२) कोटाच्या पाठीवरील बुटाच्या ठशाचा फोटो.
३) गुलाबी स्वेटर, धुऊन, साभार परत.

टीप : कोट सोबत जोडलेला नाही. थंडी आहे. तो अर्जदारांच्या अंगात आहे.