तो रिपोर्ट माझा नव्हता

ताई,

पाया पडते. भावजी बरे आहेत ना? आईचे गुडघे काय म्हणतात?

मागच्या पत्रात मी लिहिलं की अटॅकनंतरचा माझा रिपोर्ट चांगला आला. रिपोर्ट चांगलाच होता, पण माझा नव्हता.

ठोके चुकतात का बघायला डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला डबी बांधली होती. दिवसभर ठेवायची, भिजवायची नाही. आणि माझं काम लॉन्ड्रीत, वाफेत! रजा कोण मागत बसणार? मी डबी काढून चादरींच्या घड्या घालणारीला बांधली.

ती म्हणाली, "अगं, हे तुझं आहे ना?"

मी म्हटलं, "छाती ती छातीच. गप बस."

तिचे ठोके घड्याळासारखे पडले. डॉक्टर खूश झाले, आणि तू घरभर सांगितलंस.

सोमवारी मी चक्कर येऊन चादरींच्या ढिगावरच आडवी झाले. लागलं नाही, ढीग मऊ होता. मग खरं सांगावंच लागलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "त्या रिपोर्टवर मी तुमची गोळी कमी केली होती." मला मान वर करवेना.

आता डबी पुन्हा बांधलीय, घरीच बसलेय. ठोका मध्येच थांबतो, मग दोन-तीन एकदम पळतात. हे मला आधीपासून कळत होतं, ताई. रजेचं नुसतं निमित्त. मी घाबरले होते, म्हणून दुसरीला बांधली.

आईला काही सांगू नकोस. तू मात्र ये.

तुझी,
तोंडाळ धाकटी