ओवलेले फोटो

दिल्ली, ११ डिसेंबर १९७४

तीर्थरूप अप्पा,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. धाकट्या पारूनं हे पत्र सावकाश वाचून दाखवावं.

मी बरा आहे. थंडी लई आहे, पण तुमच्या कारखान्याची चादर दुहेरी करून घेतो.

आमच्या संग्रहालयात झालेल्या फ्रान्सच्या प्रदर्शनांचे फोटो लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. चित्रं, राजवाडे, उंच चर्च; प्रत्येक फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला. क्रम चुकू नये म्हणून मी कडेला भोकं पाडून ते दोरीनं ओवले, तुम्ही मागावरचे नक्षीचे पुठ्ठे ओवता तसे. एक पुठ्ठा निसटला की चादरीवरचं फूल मोडतं, हेच लहानपणापासून डोक्यात.

साहेबांनी एक चर्च मागितलं. मी ओढलं, तर सगळं प्रदर्शन त्याच्यामागून टेबलाखाली आलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चन्नवीर, इथं प्रत्येक फोटो सुटा लागतो." मला कायम करायचं त्यांच्याच हातात आहे. भले आहेत, काळजी नसावी. मलाच मात्र धास्तीनं खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

तुमच्या हाताचा कंप कसा आहे? पारू लिहिते, हात बरा आहे. त्याच पत्रात लिहिते, पुठ्ठे आता शेजारचा रुद्रप्पा ओवतो. दोन्ही खरं कसं? पारू, एवढं वाचताना गाळू नकोस.

आज दिवसभर दोऱ्या सोडवल्या. आता त्यातला एक फोटो गेला तरी बाकीच्यांना कळायचं नाही.

आपलं तसं नको, अप्पा.

तुमचा,
चन्नवीर