दुसऱ्या खाचेतली लाल गाठ

आबा, परवा रविवारी मी आपला जुना कॉम्प्युटर उघडला. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आपलं बापलेकीचं एकच मोठं भांडण झालं ते याच्यावरून. आईला जुने फोटो मोठ्या पडद्यावर बघायचे होते, म्हणून त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवले आणि विंडोजऐवजी त्यात लिनक्स घालायला घेतलं. आत मेमरीच्या पट्टीसाठी दोन खाचा आहेत. एकीत पट्टी होती. दुसरी रिकामी, आणि तिच्या चापाला लाल सुताची गाठ. तुम्ही कबनूरला माग दुरुस्त करणारे जॉबर, सूत तुमच्या कपड्यांबरोबर घरभर यायचं. त्यातलंच असेल म्हणून मी ते कापलं आणि त्या खाचेत नवी पट्टी बसवली.

इन्स्टॉलेशन मध्येच गोठायला लागलं, दर वेळी वेगळ्या जागी. पेनड्राइव्ह बदलला. फाइल पुन्हा उतरवली. डिस्क तपासली. शेवटी एकेक पट्टी एकेका खाचेत घालून पाहिली. पट्ट्या दोन्ही चांगल्या. दुसऱ्या खाचेत कुठलीही घातली की चुका. एवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिनं टेबलावरचा दोरा उचलला.

"ह्ये कुणी सोडलं गं?"

"मी. कचरा होता."

"कचरा? तुझ्या आबांची गाठ हाय ती. कारखान्यात बिघडलेल्या भागाला लाल सूत बांधायचं ते, दुसऱ्या पाळीवाल्यानं चुकून वापरू नये म्हणून. मी सुताच्या कांड्या भरायला हुतो की तितं. लाल दिसलं की हात लावायचा न्हाय, शेंबड्या पोराला म्हाईत. आन् तू म्हणं इंजिनेर!"

ते भांडण आठवलं. मी अकरावीत आहे. कॉम्प्युटर सारखा अडकतो. मी म्हणते, तुम्ही हात लावलात म्हणून. "नुसता फडक्यानं पुसला की," तुम्ही म्हणता. तुम्हाला यातलं काय कळतं, असं मी विचारते आणि आठ दिवस बोलत नाही. चौथ्यांदा विंडोज घालते, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन बघते तर तो नीट चालतो आहे. पट्टी कुठल्या खाचेत आहे हे मी बघतच नाही.

म्हणजे मी कॉलेजात असताना तुम्ही तो उघडून पट्टी चांगल्या खाचेत हलवली होतीत. आडवं सूत नेणारा धोटा खराब की माग, हे कळायला तुम्ही धोटा शेजारच्या मागावर घालून बघायचात. इथंही तसंच केलंत का? चाप दाबल्याशिवाय पट्टी निघत नाही, हे कसं समजलं? किती वेळ लागला? मला साडेचार तास लागले. सांगितलं का नाहीत, हे मात्र विचारत नाही. मी बोलतच नव्हते.

नवी पट्टी काढल्यावर लिनक्स पहिल्याच फेरीत बसलं. आई आता फोटो बघते आहे.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, स्वतः दुरुस्त केलेली पहिली वस्तू कोणती. मी हाच कॉम्प्युटर सांगितला. ऑफिसात नव्यानं येणाऱ्यांनाही तोच किस्सा सांगते. काल, सोमवारी, पुन्हा सांगितला. तुमचं नाव न घेता, होता तसाच.