मे महिन्यातला हिटर

आबा, गाडीचा हिटर आता व्यवस्थित चालतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत तुमचं लक्ष तिकडेच राहील. तुमची तीच पांढरी गाडी अजून दारात उभी आहे. थंड मुलखातून बदलून आलेल्या एका साहेबाकडून तुम्ही ती घेतली होती, म्हणून तिला हिटर. फाट्यावरच्या तुमच्या गॅरेजात जो येईल तो त्या बटणाकडे बोट दाखवून हसायचा. हिंगोलीकडच्या गाडीला हिटर म्हणजे टकल्याला कंगवा, असं एक ड्रायव्हर म्हणाला होता आणि तुम्हीही हसला होतात. तुम्ही जाऊन नऊ उन्हाळे झाले. एवढ्या दिवसांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आज दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. ती कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

आधी पाण्याचं सांगतो. आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या मागच्या बाजूला एक काळं पडलेलं पातेलं असायचं, ते फक्त गाडीचं. आई त्यात बोअरचं पाणी उकळायची, रात्रभर निवू द्यायची आणि तळाशी पांढरा थर बसला की वरचं पाणी फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरायची. "लेकरं हापशाचं पाणी प्येत्यात अन् ह्यांच्या गाडीला उकळून लागतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मी कॉलेजात असताना एकदा घाईत सरळ बोअरच्या नळीनं रेडिएटर भरला. तुम्ही जेवणावरून उठलात, आलेल्या पाहुण्यांसमोर सगळं पाणी खाली सोडून दिलंत आणि म्हणालात, "आपल्या पाण्यात खडू हाय. आज दिसत न्हाई, दहा वर्सांनी दिसंल." मला पाहुण्यांची लाज वाटली आणि तुमचा राग आला. तुम्ही गेल्यावर मी ते पातेलं चुलीवर चढू दिलं नाही. शाळेत शिकवायला जायची गडबड असायची. आई विचारायची, तेव्हा मी सांगायचो की आता बाजारात तयार पाणी मिळतं. मिळायचं, पण मी आणायचो नाही. नऊ वर्षं मी तुमच्या गाडीला खडू पाजला.

मागच्या पौषात ताईला नांदेडच्या दवाखान्यात दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर म्हणजे आता मी. बाळ दीड किलोच्या थोडं वर. तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. तीन दिवसांनी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, पण हिला गार वारा लागता कामा नये. गाडीत हिटर आहे ना?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. ताईच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "आमच्याकडं राहिली असती तर दिवस तरी भरले असते," एवढंच बोलल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते बटण उजवीकडे फिरवलं. गरम हवा आली. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी हळू झाली तर गार हवा आली. पुढे मोठ्या रस्त्याला वेग घेतला तर पुन्हा गरम. अर्धापुरात बैलगाड्यांच्या मागे अडकलो तर पुन्हा गार.

तुम्हाला माहीत आहे, मी मुळातच घोर लावून घेणारा माणूस. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा. आणि इथे तर लेकराच्या जिवाची गोष्ट. तीन दिवस हातात होते. शाळा सुटली की मी गाडीत बसायचो आणि हवा येते त्या जाळीसमोर तळवा धरायचो. आता गरम, आता गार. स्वप्नातही तळवा धरलेला असायचा. तुमचं ते वाक्य आठवलं, "आधी डोळे, मग हात, मग पाना." म्हणून बॉनेट उघडून नुसतं बघत बसलो. पंखा चालू होता आणि हवा कधीच थांबत नव्हती, फक्त तिची ऊब जायची. म्हणजे पंख्याचा दोष नाही. मग हात लावला. इंजिनाकडून हिटरकडे दोन पाइप जातात. एक चटका बसेल इतका गरम होता आणि दुसरा सकाळच्या फरशीसारखा गार. गरम पाणी आत जात होतं ते फिरून बाहेर येत नव्हतं. एवढं मला कळलं. पुढे पाना घ्यायची माझी हिंमत झाली नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या हाताला पाना तरी कुठला!

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून फाट्यावर गेलो. तुमच्या जागेवर आता तुमच्याच हाताखाली शिकलेला मिस्त्री बसतो. त्याच्याही कानाजवळचे केस पिकलेत. त्यानं दोन्ही पाइप चाचपले आणि हसला. "सर, आपल्याकडं हिटर कोन लावतंय? दोन्ही पाइप एकमेकाला जोडून टाकतो. हिटरच बाजूला काढला की तकलीफ खतम." इकडे सगळे हेच करतात म्हणे, हिटरवाल्या अर्ध्या गाड्यांचे हिटर असेच तोडलेले आहेत. मी बाळाचं सांगितलं. तो लगेच कामाला लागला. हिटरची आतली पाण्याची जाळी, रेडिएटरसारखीच पण छोटी, बाहेर काढून त्यानं पाणी उलट्या बाजूनं जोरात सोडलं तेव्हा पांढरा चुना बदाबदा पडला, पाठोपाठ गंजाचं लाल पाणी. "हे बोअरचं पाणी हाय," तो म्हणाला. "आबांच्या गाडीत बोअरचं पाणी?" मी दुसरीकडे बघितलं.

जाळी परत बसवता बसवता तो सहज बोलत होता. "जोडून टाकतो म्हनलं खरं सर, पर आबा असते तर मला रट्टा दिला असता. हिटर म्हंजे इंजनाचा दुसरा रेडिएटर, असं सांगायचे ते. मे महिन्यात गावातला पेशंट घिऊन निघाले अन् इंजनाच्या गरमीचा काटा वर चढाया लागला, की चारी काचा खाली अन् हिटर पुरा. इंजनाची आग आत वढून घ्यायची. समदे घामानं भिजायचे, शिव्या द्यायचे, पर गाडी दवाखान्यापत्तुर जायची." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला न्हाई सांगितलं व्हय? काहून?"

सांगितलं होतं, मी म्हणालो. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुम्ही मागच्या सीटवर आहात. मे महिन्याची दुपार, तीन दिवसांचा ताप, छातीत घरघर, आईच्या मांडीवर तुमचं डोकं. मी गाडी नांदेडच्या दवाखान्याकडे जोरात दामटतो आहे. काट्याकडे माझं लक्षच नाही. वारंगा मागे पडतं आणि तुम्ही डोळे उघडून म्हणता, "हिटर लाव." मला वाटतं तुम्हाला थंडी वाजते आहे. मी विचारतो, "आबा, थंडी वाजते का?" आणि आईला म्हणतो, गोधडी घाल. बाहेर रस्त्यावर डांबर वितळतं आहे आणि आई तुमच्या अंगावर गोधडी घालते. तुम्ही ती ढकलता. "हिटर. पुरा," असं पुन्हा म्हणता. आई रडत मला सांगते, "तापात बडबड करून राहिलेत रं, तू चल." मी चालत राहतो. तुम्हाला श्वास पुरत नव्हता, समजावून सांगण्याइतका तर नव्हताच. तिसऱ्यांदा तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही नुसते आरशातून माझ्याकडे बघत होता. नऊ वर्षं मी समजत आलो की ती नजर तापाची होती.

अर्धापूरच्या अलीकडे लिंबाच्या झाडापाशी बॉनेटमधून वाफ निघाली. एक टेम्पो थांबला. तो सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला होता. ड्रायव्हरनं पाणी दिलं आणि तो गेला. तळवा ठेवता येईल इतकं इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा तुमचाच नियम. तो मात्र मी अक्षर न अक्षर पाळला. पाऊण तास तुम्ही झाडाखाली पडून होता. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, पाऊण तास आधी आलो असतो तर? दोन्ही वेळा ते म्हणाले, काही फरक पडला नसता. दुसरं काय म्हणणार ते?

तर फाट्यावर त्या संध्याकाळी मिस्त्रीनं गाडीचं तोंड चढावर करून उभी केली, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि पाइप दाबत राहिला. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडली. मग हिटर एकसारखा गरम यायला लागला. उभ्या गाडीतही. मी अर्धा तास तळवा धरून बसलो होतो. शेवटी तोच म्हणाला, "बराबर झालं सर, आता घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला आणि बाळाला घेऊन नांदेडहून निघालो. ऊन होतं, पण वारा बोचरा. मुठीएवढं तोंड सोडलं तर बाळ सगळं गुंडाळलेलं. अर्धापूर मागे टाकलं आणि जाळीतून गार झुळूक आली. आबा, माझी पाचावर धारण बसली. पण ह्या वेळी मी आधी काट्याकडे बघितलं. तो चढत होता. इंजिन गरम आणि हिटर गार, म्हणजे पाणी कुठून तरी जातंय. मी गाडी बाजूला घेतली. जुन्या पाइपची क्लिप ढिली होऊन पाणी गळत होतं. मागे येऊन ताईकडे बघायचीही भीती वाटत होती. ती म्हणाली, "आरं, मी हिला पदराखाली अंगाशी धरली हाय. ती ऊबदार हाय. तू तुझं बराबर बघ." तळवा टिकेपर्यंत थांबलो, क्लिप आवळली आणि मग लक्षात आलं की पाणीच आणलं नाही. डिकी उघडली तर तिथे तुमचा कॅन भरून ठेवलेला. झाकणाला फडकं बांधलेलं, आत निवळशंख पाणी. आईनं आदल्या दिवशी मला न विचारता ते पातेलं चुलीवर चढवलं होतं. मी पाणी ओततो आहे, घाईत अर्धं बाहेर सांडतं आहे. गाडी चालू केली आणि तळवा धरला. आधी गार, मग कोमट, मग गरम. पाठीमागे बाळ शिंकलं आणि मी चारी काचा पुन्हा एकदा तपासल्या. ताई हसायला लागली.

बाळ आता पाच महिन्यांचं आहे. चांगलं बाळसं धरलंय, सासूबाईंना बघून खिदळतं. पातेलं पुन्हा चुलीवर चढतं. हे पत्र मी गाडीच्या कागदांच्या कप्प्यात ठेवणार आहे, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आज दुपारी आईला डोळे दाखवायला नांदेडला नेत होतो. त्या लिंबापाशी आलो तेव्हा मी चारी काचा खाली केल्या आणि हिटर पुरा लावला. दोघंही घामानं निथळलो. आई म्हणाली, "आरं काय करून राहिलास? ह्या महिन्यातली ही तिसरी बारी. मारतोस का मला?" मी म्हणालो, बटण अडकतंय आई, फाट्यावर दाखवावं लागेल.

काटा निम्म्याच्याही खाली होता, आबा. बटण अडकत नाही.