दहापैकी शून्य

५ नोव्हेंबर

बेप्पूच्या या आरोग्यघरात आज सकाळी दाखल झाले. धाकटी बहीण सादाए बसथांब्यापर्यंत बॅग घेऊन आली आणि जाताना म्हणाली, ताई, तिथल्या नर्सना चादर घालायला शिकवत बसू नकोस. शिकवणारच आहे! गरम पाण्याच्या कुंडांच्या सराईमध्ये तीस वर्षं पाहुण्यांच्या गाद्या उचलून कंबरेचा भुगा झाला. आज दुसरं कोणी माझी गादी घालतंय आणि कोपरे चुकवतंय. दुखणं दाबायचं यंत्र बसवून महिना झाला. कातडीखाली बिस्किटाएवढी डबी, तिथून मणक्यापर्यंत तार. आता ते अंगाला जुळवून घ्यायचं, एवढंच. खोलीतल्या हात्सुयोबाई स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वाकून वाकून मोडल्या, पण सदा हसऱ्या. जेवणात काबोसू लिंबू पिळलेली मासळी होती. फार आनंदात आहे.

६ नोव्हेंबर

कुरोइवा डॉक्टरांनी नीट समजावलं. रोज सकाळी ते विचारणार, दुखणं दहापैकी किती. आमचा आकडा ते आपल्या हातातल्या संगणकाच्या पाटीत भरणार आणि त्यावरून यंत्र शिकणार. आकडा खाली आणणं एवढंच त्याला कळतं. पाटी त्यांच्याकडेच असते, आम्हाला यंत्र कमीजास्त करता येत नाही.

मला पाच होतं. पण एवढा मोठा माणूस कंबरेत वाकून विचारतोय, त्याला पाच कसं सांगायचं? दोन म्हटलं. सराईमध्ये पाहुण्याने पायावर पेटी टाकली तरी काही लागलं नाही हो, असंच म्हणत आले. जेवताना कळलं, इथे सगळेच दोन-तीन कमी सांगतात. हात्सुयोबाई म्हणाल्या, अहो, बिचाऱ्याचं तोंड उतरतं ना! पोट धरून हसलो.

९ नोव्हेंबर

आज सात. ठरवलं होतं, खरं सांगायचं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, शून्य, आपल्या कृपेने. आवाज माझाच, पाहुण्यांसमोरचा गोड. डॉक्टर खूश झाले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. उद्या नक्की सांगेन.

११ नोव्हेंबर

आठ. घंटा वाजवली. नर्स धावत आली, काय होतंय म्हणाली. मी म्हटलं, तुमचे आभार मानायचे होते. मग कागदावर लिहून द्यायला गेले, तर हाताने लिहिलं, काही दुखत नाही. आधी कंबरेत मुंग्या येतात, मग ते वाक्य येतं. मी ते म्हणत नाही.

या वहीत मात्र खरं लिहिता येतं. इथे मला कोणी काही विचारत नाही, म्हणून असेल.

१२ नोव्हेंबर

हात्सुयोबाईंचं पांघरूण सारखं करताना त्यांची मूठ उघडली. तळव्यात नखं रुतून झालेल्या जखमा, जुन्यांवर नव्या. ओठ हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मूर्खासारखं विचारलं, दुखतंय का हो. शून्य, म्हणाल्या.

आम्हीच शिकवलं त्या यंत्राला. दुखणं नाही घालवलं त्याने, फक्त आकडा घालवला. मला फार भीती वाटते आहे.

१४ नोव्हेंबर

नऊ. सादाएचा फोन आला. तिचीही कंबर गेली, उठता-बसता रडते म्हणे. ताई, तुला गुण आला का गं? मी म्हटलं, नवा जन्म मिळाला. ती आनंदाने रडली. रविवारी येणार आहे, डॉक्टरांनाही भेटणार आहे —

एकच उपाय. काही न बोलता ही वही तिच्या हातात कोंबायची.

१७ नोव्हेंबर

आली. तिने आधीच विचारलं — ताई, काय लिहितेस? मुंग्या. मी हसले, म्हटलं, लोणच्यांच्या कृती. हात वहीवर घट्ट — सुटेना — बोटं माझी, पण सुटेनात.

तिने डॉक्टरांना सांगितलं, ताईकडे पाहून माझी भीतीच गेली बघा, मलाही बसवून टाका. उद्या सही.

माझ्याकडे पाहून.

१८ नोव्हेंबर

दहा. दहा. दहा.

ती खाली बसली आहे. सहीआधी मला भेटायला वर येईल. पान उघडं ठेवते, समोरच — दिसेल —

सादाए, सही कर

नाही. असं नाही. पुन्हा.

सादाए, तू सही क — मुंग्या — सही कर गं. काही म्हणजे काही दुखत नाही. डॉक्टरांच्या कृपेने अगदी